जळलेले घर आणि घरधनी



वसंत व्याख्यानमालेत एरवी मोठमोठे विषय येतात. राष्ट्राचे अर्थकारण येते, साहित्यातील नवे प्रवाह येतात, एखाद्या सायंकाळी वेदान्तही येतो. अशा मालिकेत 'म्हाताऱ्या जोडप्याचे जळालेले घर' हा विषय घेऊन उभे राहणे थोडे धाडसाचेच. हा काय व्याख्यानाचा विषय झाला, घर जळाले तर चार लोकांनी मदत करावी, त्यात सांगण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. पण माझे म्हणणे नेमके हेच आहे की, या मदतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते ठाऊक नसल्यामुळे चांगल्या मनाची माणसेसुद्धा अशा वेळी मदतीच्या नावाखाली एखाद्याचे उरलेसुरले घर मोडतात.

दर वर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा आपल्या देशात अग्निशमन सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीवर आग लागली, बोटीतल्या दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि आग विझवायला धावलेले अग्निशामक दलाचे कितीतरी जवान तेथेच कामी आले. त्यांचे स्मरण म्हणून हा सप्ताह. त्या स्फोटात ज्यांच्या मालमत्तेचे नुकसान झाले, त्यांची भरपाई करण्याची जबाबदारी सरकारने पत्करली. एवढी मोठी आग लागली की तिचा इतिहास होतो, सरकारचा खजिना उघडतो. पण तालुक्याच्या एका वाडीत, एका दुपारी, एकच घर जळते तेव्हा काय होते? वर्तमानपत्रात चार ओळी येतात, 'सुदैवाने जीवितहानी झाली नाही' असे त्यात शेवटी लिहिलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी शिळी होते. जीव वाचलेली ती दोन माणसे मात्र त्या रात्री कोणाच्या तरी पडवीत बसून असतात. आजचे व्याख्यान त्या दोन माणसांविषयी आहे.

आपण एक जोडपे डोळ्यांपुढे आणू. कोकणातले एखादे गाव धरू या, कारण तेथे हा प्रश्न सर्व बाजूंनी दिसतो. आबांचे वय पंचाहत्तर, माईंचे सत्तर. मुलगा मुंबईला, मुलगी सासरी. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, मध्ये माजघर, पुढे ओटी आणि खळे, मागे पडवी. एप्रिलचा महिना. डोंगरावरचा वणवा गवताच्या उडवीपर्यंत आला म्हणा, किंवा चाळीस वर्षांच्या जुन्या वायरीत ठिणगी पडली म्हणा. तासाभरात आढे खाली आले. कौले फुटली, कणगीतले भात जळाले, देव्हारा गेला, ट्रंकेतली कागदपत्रे गेली. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. मृग नक्षत्र लागायला सहा आठवडे उरले आहेत.

आता प्रश्न असा की, यांचे काय जळाले? पंचनाम्यात लिहिता येते ते सगळे सोपे आहे. इतके वासे, इतकी कौले, इतकी भांडी. पण पन्नास वर्षे त्या घरात एक गोष्ट अखंड चालली होती : येणाऱ्याला 'या, बसा' म्हणणे. ओटीवर कोणी आला की त्याला पाणी आणि गुळाचा खडा द्यायचा, मग चहा टाकायचा. हा अधिकार माईंचा होता. गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की कोणी कोठे निजायचे, हे आबा ठरवीत. ती दोघे त्या घराची यजमान होती. आग लागली आणि एका दुपारीत यजमानाचे याचक झाले. मी असे म्हणतो की, छपरापेक्षाही हेच नुकसान मोठे आहे, आणि आपण मदत कशी करतो यावर ते भरून निघते किंवा कायमचे होते.

मदतीचा पहिला लोंढा कसा येतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कपड्यांची बोचकी येतात. त्यांत फाटके सदरे असतात, लग्नातल्या जरीच्या पण कोणी न नेसणाऱ्या साड्या असतात, लहान मुलांचे झगे असतात. सत्तर वर्षांच्या बाईला हवी असतात दोन धडकी सुती लुगडी, तिच्या मापाच्या चपला आणि चष्मा. चष्मा जळालेला असतो हे कोणाच्या लक्षातच येत नाही. कवळी, कानातले यंत्र, रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी ही पहिल्या दिवसाची खरी यादी. ती यादी आपण आपल्या मनाने करावयाची नाही. त्यांच्याजवळ बसून, 'माई, सकाळी उठल्यावर तुम्हांला पहिल्यांदा काय लागते?' असे विचारून करावयाची.

दुसरी गोष्ट राखेची. उत्साही तरुण मंडळी दुसऱ्याच दिवशी फावडी घेऊन येतात आणि जागा साफ करू लागतात. हेतू चांगला, पण ती घाई नडते. पंचनामा होईपर्यंत राखेला हात लावू नये. सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. तलाठ्याला, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी कळवावे, पोलिसांत नोंद करावी, वीज मंडळींना कळवून जोडणी तोडून घ्यावी. पंचनाम्यात 'संसारोपयोगी साहित्य जळाले' असे मोघम वाक्य लिहून घेऊ नये. एकेक वस्तू आठवून लिहवावी, आणि आठवणारे माणूस थकलेले आहे हे जाणून, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला आठवायला मदत करावी.

मग राख चाळावी. अक्षरशः चाळणीने चाळावी. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना. घराच्या आगीत दागिना वितळला तरी सोने उडून जात नाही; त्याचा ओबडधोबड गोळा राखेत राहतो. डब्यात ठेवलेल्या नोटांचेही तसेच. जळून काळ्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटा फेकून देऊ नयेत आणि सोडवूही नयेत. त्या पेटीत कापसावर तशाच ठेवाव्यात. गावची बँक अशा नोटा घेणार नाही, पण रिझर्व्ह बँकेच्या नोटा बदलून देणाऱ्या कार्यालयात त्यांची तपासणी होते आणि नियमांत बसेल तेवढी रक्कम मिळते. चाळणी मात्र माईंच्या हाती द्यावी, निदान त्यांना समोर बसवावे. कोणत्या कोपऱ्यात काय होते हे त्या घराला एकट्या त्यांनाच ठाऊक. परक्याला जो गंजका तुकडा वाटतो, तो त्यांच्या आईने दिलेल्या अडकित्त्याचा असतो. देव्हाऱ्यातल्या मूर्ती विद्रूप झाल्या असतील, तर त्यांचे विसर्जन करायचे की आणखी काय करायचे, हेही त्या दोघांनी ठरवावे. पुढारपण करणाऱ्याने येथे गप्प बसावे.

यानंतर कागद येतात. आधार, शिधापत्रिका, पासबुक, मुदत ठेवीच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचा हुकूम, विजेचे बिल. यांतला जवळजवळ प्रत्येक कागद पुन्हा मिळतो, कारण त्याची मूळ नोंद कोठे ना कोठे असते. घराचा नमुना आठचा उतारा ग्रामपंचायतीत मिळतो, सातबारा ऑनलाइन निघतो. पण प्रत्येकासाठी वेगळी खिडकी, वेगळा अर्ज, वेगळी रांग. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला आठ कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावणे ही दुसरी आगच आहे. या शहरात बसलेल्या आपणांपैकी कितीतरी जण निवृत्त कारकून, मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून, बँकेतले अधिकारी, शिक्षक आहेत. ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याने एक वही घ्यावी, प्रत्येक कागदाला एक पान द्यावे, आणि अर्ज केव्हा दिला, पोच कोठे आहे, पुन्हा केव्हा जायचे ते लिहीत जावे. हजार रुपयांच्या देणगीपेक्षा ही वही मोलाची आहे, आणि ती देणारे फार थोडे असतात.

सरकारी मदतीविषयी दोन शब्द. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत पुराप्रमाणे आगीचाही समावेश आहे. केंद्र सरकारने २०२२ साली ठरविलेल्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये, आणि कपडे व भांडी यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी २,५०० रुपये अशी मदत धरलेली होती. नुसत्या झोपडीला मात्र ८,००० रुपये. म्हणजे पंचनामा करणाऱ्याने 'घर' लिहिले की 'झोपडी' लिहिले, या एका शब्दाने लाखाचा फरक पडतो. म्हणून मी म्हटले की, पंचनामा होताना जाणते माणूस जवळ हवे. गॅसच्या टाकीचा स्फोट असेल तर तेल कंपन्यांनी घेतलेल्या विम्याचे संरक्षण असते, त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. वितरकाला ताबडतोब लेखी कळविले पाहिजे एवढेच. पण कितीही जमवाजमव केली तरी या रकमेत पूर्वीसारखे घर होत नाही, हे ध्यानात घेऊनच पुढचा विचार केला पाहिजे.

आणि येथे श्रोतेहो, खरी अडचण उभी राहते, जिच्याविषयी कोणी बोलत नाही. घर कोणाचे? आबा त्यात जन्मले, त्यातच राहिले, घरपट्टी त्यांनीच भरली. पण उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. खाली सहहिस्सेदारांची नावे आहेत, त्यांतले काही मुंबईला, काही बडोद्याला, काही स्वर्गवासी. घर उभे होते तोवर कोणाची हरकत नव्हती. ते जळाल्यावर मात्र हिशेब सुरू होतात. 'आता बांधताय तर वाटण्या करूनच बांधा' असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, 'या वयात कशाला बांधता, जागा विकून टाकू.' मुलगाही प्रेमाने म्हणतो, 'आबा, आता मुंबईला चला.' तिसऱ्या मजल्यावरची ती दोन खोल्यांची जागा, तिथे सुनेचे स्वयंपाकघर, नातवाची परीक्षा. आबामाई तेथे पाहुणे होतात, आणि न परतणारा पाहुणा होणे किती अवघड असते हे त्यांना कळते. जुन्या घरात अंधारात उठले तरी पावलांना उंबरठा ठाऊक होता. नव्या जागेत दिवा कोठे लावायचा हेच सुचत नाही.

मुलांकडे जाऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. पुष्कळांना ते सुखाचे होते. माझे म्हणणे इतकेच की, तो निर्णय आग लागल्यापासून पहिल्या महिन्यात, भेदरलेल्या मनःस्थितीत घेतला जाऊ नये. या काळात जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नये, मग कागद पुढे करणारा कितीही जवळचा असो. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा आहे. त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. सहहिस्सेदारांकडून मात्र एकच गोष्ट मागावी : 'यांनी आपल्या हयातीपर्यंत आहे त्या चौथऱ्यावर घर बांधून राहावे, त्यास आमची हरकत नाही' असे संमतिपत्र. वाटणीचा वाद वाटणीच्या वेळी. गावातल्या वडीलधाऱ्यांनी आपले वजन खर्च करायचे असेल, तर ते येथे करावे.

आता छप्पर. कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि मग तो कोणाची वाट पाहत नाही. जांभ्याच्या जुन्या भिंती पुष्कळदा मातीच्या चिखलात बांधलेल्या असतात. आगीने त्या पडत नाहीत, पण उघड्या माथ्यावर पाऊस कोसळला की मधली माती वाहून जाते आणि श्रावणापर्यंत भिंत बसते. म्हणून पैसे जमोत वा न जमोत, पहिल्याने भिंतींचे माथे झाकावेत. ताडपत्री घालावी, नाहीतर नारळीचे झाप घालावेत. जळके लाकूड सरसकट टाकून देऊ नये. रिपा आणि वासे गेलेले असतात, पण जाड तुळई बाहेरून कोळसा झाली तरी आत शाबूत असू शकते, कारण कोळशाचा थरच आतल्या लाकडाला आगीपासून झाकतो. जाणत्या सुताराने तासून, ठोकून पाहावे. उलट लोखंड जळत नाही म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये. साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची ताकद निम्म्यावर येते. आगीत सापडलेला स्लॅब वरून धड दिसला तरी अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्याखाली निजू नये. नवे लाकूड लागले तर स्वतःच्या परसातला फणस, ऐन किंवा किंजळ तोडायलासुद्धा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तो अर्जही त्या वहीत पहिल्याच आठवड्यात गेला पाहिजे, नाहीतर झाड उभे, पाऊस आलेला आणि माणसे उघड्यावर, असे व्हायचे.

छपराचे काम कोणी करायचे? येथे आपल्याच मातीतल्या एका प्रथेची आठवण करून देतो. घाटावर तिला इर्जिक म्हणतात. एखाद्याची नांगरणी मागे पडली, त्याचा बैल मेला, घरात आजारपण आले, की गावातले शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरत आणि एका दिवसात रान नांगरून देत. मजुरी कोणी घेत नसे. पण ज्याचे शेत, त्याच्याकडे त्या दिवशी सर्वांचे जेवण असे. कोकणातली सावड याच जातीची : आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. पावसाळ्यापूर्वीची घराची शाकारणीही अशीच चार हातांनी होई. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील अमिश लोकांत एखाद्याचे धान्यकोठार जळाले की शेजारी जमून नवे कोठार उभे करतात, आणि त्या दिवशी पंगती उठतात. माणूस कोठलाही असो, त्याने ही युक्ती शोधून काढलेली दिसते.

ही युक्ती कोणती? मदत तर घ्यावयाची, पण घेताना यजमानपद सोडावयाचे नाही. इर्जिकीच्या दिवशी ज्याच्या बांधावर पंगत बसते, तो त्या दिवसापुरता गावाचा अन्नदाता असतो. त्याची मान खाली जात नाही. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, इर्जिक घेणाऱ्याची जात नाही, आणि दोन्हींत मिळणारी मदत तीच असते. तेव्हा छप्पर घालायला वीस माणसे आली तर त्यांच्यासाठी शिधा बाहेरून आला तरी चालेल, पण चूल माईंची असावी. 'तुम्ही बसा हो, आम्ही डबे आणलेत' असे म्हणू नये. भात किती घालायचा, कुळथाच्या पिठल्यात तिखट किती, हे त्यांनीच सांगावे. पहिली कौले चढली की नारळ आबांनी फोडावा. आलेल्या पुढाऱ्याने तो फोडू नये.

कणगीतले बी जळालेले असते, आणि जूनमध्ये तरवा पेरायचा असतो. बी द्यावे, पण उसने म्हणून द्यावे. पूर्वी सावकार वाढीदिढीने धान्य देत. आपण दिढी सोडावी, पण मूळ मात्र सुगीला परत घ्यावे. आबा दोन पायली भात घेऊन दाराशी आले, तर 'अहो, राहू द्या' असे म्हणून त्यांना परत पाठवू नये. ते भात मोजून घ्यावे आणि त्यांना चहा द्यावा. परत देऊ शकणे यातच त्यांचे घर पुन्हा उभे राहिल्याची खूण आहे.

महाभारतातील सभापर्वाचा आरंभ आपणांस आठवत असेल. खांडववनाच्या आगीतून मयासुर वाचला. तो अर्जुनापुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला की, मला तुझ्यासाठी काहीतरी करू दे. अर्जुन म्हणाला, सगळे पावले, सुखाने जा. पण मयासुराचे समाधान होईना. तो शिल्पी होता, त्याच्या हातात विद्या होती. तेव्हा अर्जुनाने त्याला कृष्णाकडे वळविले, कृष्णाने धर्मराजासाठी सभा बांधायला सांगितले, आणि जगात जोड नाही अशी मयसभा उभी राहिली. या कथेत मला अर्जुनाच्या औदार्यापेक्षा त्याचा शहाणपणा मोठा वाटतो. आगीतून वाचलेल्या माणसाला 'जा, सुखी राहा' एवढे पुरत नाही, हे त्याने ओळखले. वाचलेल्याच्या हातालाही काम लागते.

घर कसे बांधायचे, हा यापुढचा मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविली गेली. घरे भक्कम झाली, रस्ते सरळ झाले. पण कितीतरी कुटुंबांना त्या शहरी आखणीत जनावरे बांधायला जागा सापडेना, वाड्याचा चौक सापडेना, सांजेला बसायचा पार सापडेना. कमी पडझड झालेल्या गावांत मात्र पैसा आणि तज्ज्ञांचा सल्ला देऊन, घर ज्याचे त्यानेच दुरुस्त करावे, अशी योजना होती. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतर हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पैसा घरमालकाच्या हाती, तोही हप्त्याहप्त्याने, आणि बांधकामाची तपासणी अभियंत्याकडून. लाखो घरांच्या बाबतीत जे खरे ठरले, ते एका घराच्या बाबतीत खोटे कसे ठरेल? घर धन्याने सांगावे, जाणत्याने तपासावे, गावाने हात लावावा.

म्हाताऱ्या माणसांचे घर पूर्वीएवढे मोठे नको असेल. एक ओटी, एक माजघर, स्वयंपाकघर, आणि आत, रात्री चार पावलांवर, न्हाणी आणि संडास. उंबरठा असू द्यावा, पण अडखळणार नाही इतका बुटका असावा. भिंतीला धरायला दांडा, बाजेची उंची गुडघ्याएवढी, दिव्याचे बटण बाजेवरून हात पोचेल असे. गवताची उडवी आणि लाकूडफाटा घरापासून लांब ठेवावा. वायरी नव्या घालाव्यात, आणि एमसीबी बसवल्याशिवाय वीज जोडून घेऊ नये. मात्र ओटी गाळू नये. खर्च वाचविण्यासाठी शहाणी माणसे पहिल्याने ओटीवर काट मारतात. 'दोन माणसांना काय करायची ओटी?' असे म्हणतात. ओटी त्या दोन माणसांसाठी नसतेच. ती येणाऱ्यासाठी असते. एक खोली कमी करावी, पण ओटी ठेवावी.

आणखी एक मदत आहे, तिला पैसा लागत नाही. जळालेल्या घरातले फोटो पुन्हा काढता येत नाहीत. पण लग्नाच्या फोटोची एक प्रत नणंदेकडे असते, मुंजीच्या गर्दीत आबा मागे उभे असलेला एक फोटो सोलापूरच्या मामांकडे असतो. प्रत्येक नातेवाइकाने आपला आल्बम उघडून त्यांतले एक-दोन फोटो पाठवावेत. दिवाळीपर्यंत भिंतीवर एक चौकट भरते.

दिवाळीचे नाव घेतले ते मुद्दाम. पहिल्या आठवड्यात सगळे येतात. तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही. आषाढ लागलेला असतो, काम अर्धवट असते, सरकारी हप्ता 'प्रक्रियेत' असतो, कौलांतून एका ठिकाणी गळत असते. माई रात्री धुराचा वास आला म्हणून तीनदा उठतात. आबांनी बोलणे कमी केलेले असते. मदत करणाऱ्यांनी आपापसांत महिने वाटून घ्यावेत असे मी सुचवतो. एप्रिल एकाचा, जुलै दुसऱ्याचा, सप्टेंबर तिसऱ्याचा. जुलैवाल्याने जाऊन ओटीवर बसावे आणि चहा मागून घ्यावा. चहा मागणे हीही मदत असते.

शेवटी आपल्यापुरते. आपल्या गावातले जुने वाडे लाकडाचे, वायरी जुन्या, बोळ असे की बंब आत वळत नाही. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाचा ठरीव मसुद्याचा घरविमा सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. त्यात जागेची किंमत धरीत नाहीत, घर पुन्हा बांधायला येणारा खर्च धरतात, आणि घरातल्या सामानालाही घराच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. आपण मोटारीचा विमा काढतो आणि घराचा काढीत नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईवडिलांच्या घराच्या वायरी तपासून घ्या, कागदांच्या नकला आपल्याजवळ आणून ठेवा, उताऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. हे सर्व घर उभे असताना एका सुट्टीत होते. जळाल्यावर वर्षभरही पुरत नाही.

बंधुभगिनींनो, विटा, कौले, पैसा हे सर्व लागतेच, त्याला पर्याय नाही. पण ते देताना समोरच्याचे देणेपण काढून घेऊ नका, एवढीच माझी विनंती आहे. जळालेले घर खऱ्या अर्थाने उभे राहिले, हे केव्हा समजावे? चौथरा झाला तेव्हा नाही, छप्पर चढले तेव्हा नाही, सरकारी दाखला मिळाला तेव्हाही नाही. एखाद्या भर दुपारी कोणी अनोळखी वाटसरू पाणी मागायला त्या दाराशी येईल, आणि आतून एक थकलेला पण ठणठणीत आवाज 'या, बसा' असे म्हणेल, तेव्हा खुशाल समजावे की काम पुरे झाले.